गाडीच्या पट्ट्याला राळ

हिंदुराव मिस्त्री संपले, असं मी म्हटलं ते बुधवारी सकाळी, माझ्या गिरणीत, आठ-दहा बायकांच्या देखत. वडगाव निंबाळकरात एखादी गोष्ट पसरवायची असेल तर फार काही करावं लागत नाही, माझ्या गिरणीत ती एकदा बोलायची. डबा घेऊन आलेली बाई दळणाबरोबर जे ऐकलं तेही घरी नेते. हे मला चांगलं ठाऊक होतं, तरी बोलले. राग आला की माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो आणि मग तो माझ्याच्याने आवरत नाही.

रागाचं कारण माझी गाडी. जुनी आहे, लाल आहे, आणि मागची सीट काढून मी तिथं भाजणीची नि नाचणीच्या पिठाची पोती ठेवते. दर गुरुवारी बारामतीवरून इंदापूरला जायचं, सात-आठ दुकानांत माल टाकायचा आणि दिवस मावळायच्या आत घरी यायचं, असा माझा नेम. नवऱ्याला गाडी येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. त्याला त्याचा ऊस बरा.

या गाडीच्या इंजिनाच्या पुढच्या अंगाला एक रबरी पट्टा असतो. त्याच्या पोटाला उभ्या रेघा असतात. इंजिन फिरलं की पट्टा फिरतो, आणि पट्टा फिरला की बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप फिरतो. तो तुटला तर इंजिन तापतं आणि गाडी भर रस्त्यात बसते. दोन महिन्यांपूर्वी हिंदुरावांनीच तो नवा घालून दिला होता.

आता मी स्वतः गिरणीवाली. लग्न होऊन आले तेव्हापासून गिरणीचा पट्टा मीच चढवते, मीच शिवते. त्यामुळे पट्ट्याच्या कामात दुसऱ्याचा हात मला सहसा पसंत पडत नाही. पण हिंदुरावांचं काम मी तोंडात बोट घालून बघत आले. बारामतीत इंदापूर रस्त्याला त्यांचं एका शटरचं गॅरेज आहे. जुना पट्टा काढायच्या आधी तो कुठल्या पुलीवरून कसा जातो याचं चित्र ते खडूनं फरशीवर काढतात. काढलेला पट्टा उलटा वाकवून त्याच्या भेगा गिऱ्हाइकाला दाखवतात, म्हणजे उगाच बदलला असं कुणी म्हणायला नको. पुलीच्या खाचा बांबूच्या काडीनं साफ करतात, कारण लोखंडानं ओरखडे उठतात. आणि नवा पट्टा स्क्रू ड्रायव्हर घालून कधी ओढून बसवत नाहीत. "पट्ट्याला वडायचं नसतं, ताई," ते मला म्हणाले होते, "त्याला जागा करून द्यायची आस्ती." चढवल्यावर इंजिन लगेच चालू करत नाहीत. पान्यानं हातानं दोन फेरे फिरवून बघतात आणि मगच चावी मारतात. पुढं मान किंचित कलती करून, डोळे मिटून ऐकत उभे राहतात. त्यांचं ते ऐकणं बघायला समोरच्या टपरीवरचे लोकसुद्धा हातातला चहा तसाच धरून थांबायचे.

तर असा माणूस. आणि त्यानं घातलेला पट्टा दीड महिन्यात ओरडायला लागला.

मध्ये एकदा इंदापुरात बॅटरीचा लाल दिवा लागला होता. तिथल्याच एका वायरमनकडून अल्टरनेटर खोलून दुरुस्त करून घेतला आणि विसरून गेले. नंतर चार-पाच दिवसांनी हे ओरडणं सुरू झालं. पहिल्यांदा मी कुणाला विचारलं नाही. विचारायचं कशाला? गिरणीचा चपटा पट्टा घसरायला लागला की आम्ही त्यावर राळेचा खडा धरतो. राळ चिकट, तिनं पट्टा पुलीला धरून चालतो. मी बॉनेट उघडलं आणि गाडीच्या पट्ट्यालाही झकास राळ चोळली. दोन दिवस गाडी गप्प. मी खुशीत. नवऱ्याला म्हटलंही, उगाच मिस्त्री-मिस्त्री करतात लोक. तिसऱ्या दिवशी त्या राळेवर रस्त्याची सगळी धूळ बसली आणि आवाज दुप्पट झाला. इंदापूरच्या बाजारात मी शिरले की माणसं आधी कानावर हात ठेवायची, मग कोण आहे ते बघायची.

मंगळवारी काही कामानं बारामतीला गेले होते. इंजिन चालू ठेवूनच गाडी हिंदुरावांच्या दारात उभी केली आणि काच खाली करून ओरडले, "तात्या, ऐका हिचं!"

ते आतून पुढं आले, गाडीकडं बघितलं, मान डोलावली. "झ्याक चाललीया की. काय न्हाय झालं तिला."

गाडी किंचाळत होती आणि हा माणूस झ्याक म्हणत होता! मला वाटलं, काम अंगाशी येतंय म्हणून म्हातारा कानाडोळा करतोय. मी तशीच निघून आले. दुसऱ्या दिवशी गिरणीत ते वाक्य बोलले. राळेचं मात्र कुणाजवळ बोलले नाही. ऐकणाऱ्यांत ठमाबाई होत्या आणि त्यांची लेक हिंदुरावांच्या मागच्याच गल्लीत दिलेली आहे.

शुक्रवारी दुपारी हिंदुरावांचा मुलगा ऋषिराज मोटारसायकलवरून गिरणीत आला. तो लोणी देवकरला कारखान्यात मशिनं दुरुस्त करायचं काम करतो. मला वाटलं, आता हा भांडणार. मी पदर खोचूनच उभी राहिले. तर त्यानं हात जोडले.

"मावशी, तुमचं लई उपकार झालं. दोन वर्सं मी बाबास्नी सांगतुय, बास करा आता, घरी बसा. न्हाय ऐकलं. तुमचं बोलणं त्यांच्यापातूर गेलं आन् एका दिसात कबूल झालं."

"काय कबूल झालं?"

"गॅरेज बंद करायचं. त्यास्नी ऐकू येत न्हाय, मावशी. बारीक आवाज तर अजाबात न्हाय. समोर उभं राहून बोललं तर तोंडाकडं बघून वळखत्यात. कुणाला कळू देत न्हाईत, एवढंच."

मंगळवारी तो माणूस टाळत नव्हता. गाडी ओरडतेय हे त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

"त्यांनी एकच आट घातलीया," ऋषिराज पुढं म्हणाला. "म्हनले, सरूताईची गाडी रविवारी आणा. ती माज्या हातनं नीट झाली तर गॅरेज चालू. न्हाय झाली तर त्याच दिवशी शटर खाली, कायमचं. मी म्हंतो, होऊ दे खाली. अडुसष्ट वय झालं. उद्या कुणाची गाडी घाटात अडकली तर लोक त्यास्नीच बोलणार." एवढं बोलून तो गेला.

मुलाचं काही चुकत नव्हतं. पण मला दुसरंच खात होतं. हिंदुरावांच्या कामाची परीक्षा माझ्या गाडीवर, आणि त्या गाडीच्या पट्ट्याला मी राळ फासलेली. हे उघड सांगायचं तर तालुकाभर माझं हसं. गिरणीवाल्या बाईनं मोटारीला राळ लावली! मग मी काय करावं? लाइट जाते म्हणून गिरणीवर मी जुनं डिझेल इंजिन ठेवलंय. त्यातलं डिझेल फडक्यावर घेतलं आणि पट्टा घासून घासून पुसला. राळेचा वास गेला, पट्टा काळाभोर चमकायला लागला. रबराला डिझेल म्हणजे विष, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आपली चूक पुसायला बसलं की अक्कल आधी बाहेर जाऊन उभी राहते.

रविवारी सकाळी नऊला मी गॅरेजवर पोचले. हिंदुराव धुतलेला सदरा घालून उभे होते. ऋषिराज होता, आणि त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक असलेले, टोमॅटो-ढोबळी मिरची पिकवणारे अप्पा बाकावर बसले होते. टपरीवरचे आणखी दोघं-तिघं आले. मिस्त्री टिकतात की जातात हे बघायलाच सगळे जमले होते.

"बाबांस्नी काय इचारायचं आसंल तर मला सांगा, मी वरडून सांगतो," ऋषिराज लोकांना म्हणाला. हिंदुराव शेजारीच उभे होते. मुलाची त्यांच्याकडं पाठ होती.

हिंदुरावांनी मला गाडी चालू करायला सांगितली. ती ओरडली. अप्पांनी तोंड वाकडं केलं. हिंदुरावांनी एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याची मूठ दातांत धरली आणि टोक अल्टरनेटरच्या अंगावर टेकवलं. डोळे मिटले. मग पाण्याच्या पंपावर टेकवलं. मी असलं कधी पाहिलं नव्हतं. कानात शिरत नाही ते हा माणूस दातांतून डोक्यात घेत होता.

"बेरिंगं चांगली हायती," त्यांनी सांगितलं. मग झाकणाला भोक पाडलेली पाण्याची बाटली उचलली आणि सगळ्यांच्या देखत माझ्याकडं वळून म्हणाले, "ताई, मला बारीक आवाज येत न्हाय. तुमचं कान जरा उसनं द्या. कसा वरडतोय? चिमणीगत तुटक तुटक, का डुकराच्या पिल्लागत सलग?"

ऋषिराजनं मान खाली घातली. दोन वर्षं जे झाकलं ते या माणसानं एका वाक्यात स्वतःच उघडं केलं होतं, आणि आवाजात रडगाणं नव्हतं. कामाला लागतंय म्हणून मागितलं, एवढंच.

"पिल्लागत," मी म्हटलं. "सलग."

त्यांनी चालत्या पट्ट्याच्या पोटावर पाणी शिंपडलं. "आता? कमी झाला का वाढला?"

"वाढला."

"पाण्यानं वाढला म्हंजे पट्टा ढिला," हिंदुराव म्हणाले. "कमी झाला आस्ता तर पुल्या एका रेषेत न्हाईत म्हनलो आस्तो." त्यांनी इंजिन बंद करायला लावलं. दोन पुल्यांच्या मधे पट्ट्यावर अंगठा दाबला. पुन्हा दाबला. पट्टा चिमटीत धरून पिळला. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ढिला न्हाय," ते हळू म्हणाले. "अंगठा म्हंतो बरोबर हाय." आणि स्वतःच्या अंगठ्याकडं त्यांनी असं बघितलं की मला ते बघवलं नाही. कान गेले ते त्यांनी चारचौघांत हसतमुखानं सांगितलं होतं. आता त्यांना वाटायला लागलं होतं की हातही गेला. त्यांनी पट्टा ताणायला टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, उचलली. तो आणखी ताणला असता तर पंपाचं चांगलं बेरिंग गेलं असतं, गाडी रस्त्यात बसली असती आणि शटर खाली आलं असतं. आणि दोष सगळा त्यांचा.

"थांबा तात्या!" मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. "तुमचा अंगठा बरोबर हाय. पट्टा लबाड हाय. मी त्याला राळ लावलीया. गिरणीच्या पट्ट्याला लावतो तशी. आन् परवा ती झाकाय डिझेलनं पुसला."

अप्पा आधी हसले. "आरं देवा! सरूताईनं मोटारीचं दळण घातलं!" मग टपरीवरचे हसले. माझे कान तापले. पण हिंदुराव हसले नाहीत. माझ्या ओठांकडं बघत त्यांनी विचारलं, "आवाज आदी आला का राळ आदी लावली?"

"आवाज आदी."

"मंग झालं तर. राळ तुमची चूक. आवाज माज्या दारात आला आन् मला कळला न्हाय, ती माजी." त्यांनी भाजीवाल्यासारखी दोन पारड्यांत चूक तोलून दिली आणि विषय संपवला. मी इतकी वर्षं लोकांशी भांडतेय, पण असा न्याय माझ्या हातून एकदाही झालेला नाही. "ह्या पट्ट्यावर आता पाणी टाकून काय कळायचं न्हाय," ते म्हणाले, आणि हाताला चिकटलेला काळा लगदा पुसून पट्टा उतरवला.

मग त्यांनी खिशातून गवंड्याची सुती दोरी काढली. एक टोक इंजिनाच्या खालच्या पुलीच्या कडेला धरलं, दुसरं पंपाच्या पुलीला, आणि दोरी ताणली.

"ह्याला आमच्याकडं लेसरचं मशिन हाय," ऋषिराज पुटपुटला, पण वाकून दोरीवर डोळा लावून बघायला लागला. बघता बघता त्याचा चेहरा बदलला. "अल्टरनेटरची पुली आत हाय. नखाएवढी."

दोरी दोन्ही पुल्यांना चिकटली होती आणि तिसरीपाशी नखाएवढी फट होती. हिंदुरावांनी अल्टरनेटरच्या बोल्टावर बोट फिरवलं. "हा कुणी खोलला हुता?"

तेव्हा मला इंदापूरचा तो वायरमन आठवला. मी सांगितलं. अल्टरनेटर परत बसवताना बोल्ट जातो त्या त्याच्या कानाआड असलेली जाड वायसर, म्हणजे लोखंडी चकती, त्यानं घातलीच नव्हती. पुली तेवढी मागं गेली, पट्टा तिरपा चालायला लागला आणि ओरडला. मी त्या ओरडण्यावर राळ चोळली. हिंदुरावांनी दोन महिन्यांपूर्वी केलेलं काम जसंच्या तसं निर्दोष होतं.

त्यांनी डब्यातून एक वायसर शोधली, ती जरा जाड होती म्हणून कानसीनं घासून बेताची केली. पुन्हा दोरी लावली. या वेळी फट नव्हती. तिन्ही पुल्यांच्या खाचांतली माझी राळ बांबूच्या काडीनं एकेक करून खरवडायला त्यांना अर्धा तास लागला. कुणी घाई केली नाही. हसणारे अप्पासुद्धा बाकावरून उठून जवळ येऊन उभे राहिले. मग नवा पट्टा. अल्टरनेटर ढिला करून जागा केली, पट्टा अलगद चढला, एकेक रेघ खाचेत बसली की नाही ते त्यांनी बोटानं चाचपलं. टॉमीनं बेताचा ताण दिला, अंगठ्यानं दाबून बघितलं, बोल्ट आवळला. पान्यानं दोन फेरे हातानं फिरवले. मग मला खूण केली.

मी चावी मारली. इंजिनाची घरघर तेवढी आली. बाकी काही नाही. ऋषिराज गाडीभोवती फिरला, बॉनेटपाशी कान नेला, ॲक्सिलरेटर दाबायला सांगितला, दिवे लावायला सांगितले, पट्ट्यावर पाणी टाकून बघितलं. गाडी शहाण्या सुनेसारखी चालत राहिली.

हिंदुराव एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. "काय?" त्यांनी विचारलं. "आवाज?"

"न्हाय," मी म्हटलं. "गप झाली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटलं आता मिटलं. पण त्यांनी पाना फडक्यावर ठेवला आणि खाली बसले. "काम झालं खरं," ते म्हणाले. "पर झालं हे मला तुमी सांगितलं. माजं मला कळलं न्हाय. तुमी नसता तर मी ढिला समजून ताणलाच हुता. मंग ह्याला नीट झालं म्हनायचं का?"

प्रश्न खरा होता. ऋषिराजला हवं ते उत्तर त्याचे वडील स्वतःच देत होते आणि आता त्याला ते नकोसं झालं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मी गाडीतून उतरून त्यांच्या पुढ्यात उकिडवी बसले. "तात्या, गिरणी चालू झाल्यावर मला काय ऐकू येतंय? बायका काय मागत्यात ते मी तोंडाकडं बघून वळखते. पीठ बारीक पडतंय का जाडं, ते चिमटीत धरून बघते. जातं तापलं का, ते हात लावून. तीस वर्सं मी बहिरीच दळतेय, आन् मला कुणी बंद कर म्हनलं न्हाय. मीच तुमास्नी म्हनले. वंगाळ बोलले, मला माफी करा. तुमचं कान गेल्यात. तुमी न्हाय गेला. ज्याची गाडी, त्यानं आवाज ऐकून सांगावा की! त्याला काय धाड भरलीया?"

हिंदुरावांनी हे सगळं माझ्या ओठांवरून वाचलं. मग फडक्यानं एकेक बोट पुसायला लागले.

ऋषिराज आत गेला. शटर ओढायचा आकडा भिंतीला टेकून उभा होता, तो त्यानं उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि परत जागेवर ठेवला. मग येऊन तो वडिलांच्या समोर, मी बसले होते तिथंच, मांडी घालून बसला. ओरडला नाही. त्यांना ओठ नीट दिसावेत म्हणून तोंड उजेडाकडं केलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "उद्या किती वाजता उगडायचं?"

हिंदुरावांनी त्याच्याकडं टक लावून बघितलं.

"नऊला," ते म्हणाले. "रोज नऊलाच उगडतो की."